सॉफ्टवेअर प्रोसेस, लेव्हल आणि अप्रेझल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरी, ठाणे, ऐरोली, महापे इथल्या लहान-मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून मला मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप येतात, आणि त्यांत तेच तेच प्रश्न फिरून येतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. मी वीसेक वर्षं क्वालिटीच्या खात्यात काढली, सुरुवात सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीतल्या निर्यात क्षेत्रात. त्यामुळे उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत. ती पटली नाहीत तर सोडून द्या.

१. आमच्या रिसेप्शनला "सीएमएमआय लेव्हल ३" अशी फ्रेम आहे. जॉइन होऊन आठ महिने झाले, पण तिचा अर्थ कुणी धड सांगत नाही. काय आहे हे?

पूर्ण नाव कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल इंटिग्रेशन. कामाच्या चांगल्या सवयींची एक जाडजूड यादी, आणि त्या सवयी तुमच्याकडे कितपत मुरल्या आहेत हे तपासायची ठरलेली रीत, असे त्याचे दोन भाग. काम अंगावर घेताना गरज लिहून घेता का, वेळेचा अंदाज कशावरून बांधता, मध्येच बदल आला तर तो कुठे नोंदवता, लिहिलेला कोड दुसरं कुणी वाचतं का, एकदा झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करता, अशा स्वरूपाचं सगळं.

तुमचं सॉफ्टवेअर चांगलं आहे की वाईट, हे ही फ्रेम सांगत नाही. लेव्हल ३ च्या ऑफिसातून भिकार अ‍ॅप बाहेर पडलेलं मी पाहिलंय, आणि फ्रेम नसलेल्या चौघांनी एका पतसंस्थेसाठी केलेलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलंही पाहिलंय.

२. हे खूळ निघालं कुठून?

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातून. सॉफ्टवेअर वेळेत येत नाही, बजेट फुगतं, आणि कंत्राटदार निवडताना त्याची कुवत कशी ओळखायची ते कळत नाही, ही त्यांची अडचण होती. त्या खात्याच्या पैशावर १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. आयबीएममध्ये हयात घालवलेले वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये तिथे आले आणि प्रोसेसच्या पायऱ्यांची कल्पना त्यांनी सॉफ्टवेअरला लावली. पायऱ्यांची मूळ मांडणी त्याआधी फिलिप क्रॉस्बी यांनी कारखान्यांतल्या गुणवत्तेसाठी केली होती. १९९१ मध्ये सीएमएमची, म्हणजे कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेलची, पहिली आवृत्ती आली, १९९३ मध्ये १.१. पुढे वेगवेगळी मॉडेलं एकत्र करून २००० मध्ये सीएमएमआय झालं. २०१६ पासून ते इसाका या संस्थेकडे आहे. २०१८ मध्ये २.० आणि २०२३ मध्ये ३.० आवृत्ती आली.

आपल्याकडे हे नव्वदच्या दशकात आलं ते निर्यातीच्या गरजेतून. न्यू जर्सीतल्या विमा कंपनीने सीप्झमधल्या अनोळखी पोरांवर विश्वास का ठेवावा, याचं काहीतरी उत्तर हातात हवं होतं. ते उत्तर म्हणून लेव्हल घेतली गेली, आणि २००० च्या आसपास जगातल्या लेव्हल ५ युनिटांतली बरीचशी भारतात होती. "आधी विक्रीसाठी, मग सुधारणेसाठी" हा आपला क्रम तेव्हा पडला तो आजतागायत आहे.

३. पाच लेव्हल सोप्या भाषेत सांगाल का? प्रत्येक पीपीटीत तोच जिना असतो आणि काही कळत नाही.

एकच काम घेऊ: पतसंस्थेच्या कर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याज पैशांपर्यंत न ठेवता रुपयाला पूर्ण करायचं आहे.

लेव्हल १ वर हे काम मंदार करतो. कुठे बदल करायचा ते त्यालाच माहीत. रात्री बसून करतो, होतंही. मंदार गणपतीला कणकवलीला गेला की मात्र काम थांबतं, आणि आरतीच्या मधे त्याचा फोन वाजत राहतो.

लेव्हल २ वर या प्रोजेक्टपुरती शिस्त असते. बदलाची मागणी नोंदवलेली, कोण कधी करणार ते ठरलेलं, जुना कोड जपून ठेवलेला. शेजारच्या टीमची रीत अगदी वेगळी असू शकते.

लेव्हल ३ वर कंपनीची म्हणून एक रीत असते आणि प्रत्येक प्रोजेक्ट ती आपल्या मापाने कापून घेतो. मंदारच्या जागी ऐरोलीच्या टीममधली मुलगी आली तरी दोन दिवसांत तिला वाट सापडते.

लेव्हल ४ वर आकडे बोलतात. असे बदल आपल्याकडे साधारण किती तासांत होतात, रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याने काम तपासताना, किती चुका सापडतात, किती ग्राहकापर्यंत सुटतात, याचा पट्टा माहीत असतो, आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात.

लेव्हल ५ वर तेच आकडे वापरून मुळाशी जातात. राउंडिंगच्या चुका दर तिमाहीत का येतात? पैसे साठवायला चुकीचा डेटा टाइप वापरतोय म्हणून. मग पद्धत बदलायची, आणि बदलाने खरंच फरक पडला का ते पुन्हा आकड्यांनीच दाखवायचं.

सीएमएमआयच्या २.० आवृत्तीपासून याखाली लेव्हल ० सुद्धा आहे. तिथे काम पुरं होईल याचीच खात्री नसते.

४. आधी २, मग ३ असंच जावं लागतं का? साहेब म्हणतात थेट ५ घेऊ.

मधलं प्रमाणपत्र घेतलंच पाहिजे असा नियम नाही. पण वरची लेव्हल मिळवायला खालच्या सगळ्या पायऱ्यांवरचं काम दाखवावं लागतं. लेव्हल ४ चे आकडे जमायला एकाच रीतीने केलेल्या कामाचा इतिहास हवा, आणि तो विकत मिळत नाही. साहेबांना प्रश्न १४ वाचायला द्या.

५. आयएसओ ९००१, आयएसओ २७००१ आणि सीएमएमआय: तिन्ही असलेल्या कंपनीला वेगळं काय मिळतं?

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता सांभाळण्याच्या पद्धतीचं मानक, लोणच्याच्या कारखान्यालाही लागू होतं आणि हॉस्पिटललाही. १९८७ मध्ये पहिल्यांदा आलं, २०१५ मध्ये त्याची मोठी सुधारित आवृत्ती आली. उत्तर "हो" किंवा "नाही" असं असतं, पायऱ्या नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांनी ते कसं लावावं यासाठी आयएसओ ९०००३ ही वेगळी मार्गदर्शिका आहे, आणि मला भेटलेल्या दहापैकी आठ ऑडिटरांनी ती उघडलेली नसते.

२७००१ चा विषयच वेगळा. माहितीची सुरक्षा. कोड कसा लिहिता याच्याशी त्याचा संबंध थोडा, लॅपटॉप टॅक्सीत विसरला तर काय होतं याच्याशी जास्त. टेंडर वाचताना लोक या दोघांची गल्लत करतात आणि चुकीचं प्रमाणपत्र जोडतात.

सीएमएमआय सॉफ्टवेअरच्या कामात खोल शिरतं आणि कुठवर आलात ते पायरीने सांगतं. प्रमाणपत्र देण्यातही फरक आहे, तो प्रश्न ७ मध्ये.

६. पुण्यातल्या गाड्यांच्या कंपन्या "स्पाइस" विचारतात. ते काय?

आयएसओ १५५०४ चं रुळलेलं नाव. २०१५ पासून त्याची जागा आयएसओ ३३००० मालिकेने घेतली. यात अख्ख्या संस्थेला एक आकडा मिळत नाही. प्रत्येक प्रोसेसला ० ते ५ अशी स्वतंत्र पातळी मिळते. टेस्टिंग ३ वर आणि गरजा लिहून घेणं १ वर, असं चित्र दिसतं, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. गुण द्यायची पद्धत चार खणांची: १५ टक्क्यांपर्यंत "नाही", ५० पर्यंत "अंशतः", ८५ पर्यंत "बऱ्यापैकी", त्यावर "पूर्ण".

गाड्यांसाठीचा अवतार म्हणजे ऑटोमोटिव्ह स्पाइस. त्याची ४.० आवृत्ती २०२३ ची. मुंबईतून हिंजवडी किंवा चाकणच्या नोकरीसाठी प्रयत्न करत असाल तर हे शिका. बँकिंगमध्येच राहणार असाल तर नाव माहीत असलं तरी पुरे.

७. वेबसाइटवर "सीएमएमआय सर्टिफाइड" लिहिलं तर चालतं का?

योग्य शब्द "अप्रेझ्ड". आयएसओत सर्टिफिकेट असतं, आणि तेही आयएसओ स्वतः देत नाही, बाहेरच्या सर्टिफिकेशन संस्था देतात. सीएमएमआयमध्ये अधिकृत लीड अप्रेझर, म्हणजे तपासणीचा प्रमुख, टीम घेऊन तपासणी करतो आणि निकाल येतो.

शब्दापेक्षा मोठी गोम पुढे आहे. लेव्हल कंपनीला मिळत नाही, तपासलेल्या युनिटला मिळते. मालाडच्या बँकिंग युनिटची लेव्हल ५ असेल, तर त्याच कंपनीच्या महापेच्या ई-कॉमर्स टीमला ती लागू नाही. फ्रेममध्ये बारीक अक्षरात युनिटचं नाव असतं. ते वाचा. निकालांची सार्वजनिक यादी इंटरनेटवर आहे. ग्राहक म्हणून तुम्ही कंपनीचं नाव टाकून कुठलं युनिट, कुठली लेव्हल, कधीपर्यंत ते बघू शकता. मुदत तीन वर्षं. मी एका बैठकीत समोरच्याच्या ब्रोशरवरचं वर्ष बघत बसलो होतो. मुदत संपून चौदा महिने झाले होते.

८. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे आणि मला मुलाखतीला बसवलंय. आई विचारते, "पगार वाढणार ना?" काय सांगू?

आईला सांगा, ते एप्रिलमधलं अप्रेझल वेगळं. हे तुमचं नाही, कामाच्या पद्धतीचं आहे.

पूर्ण तपासणीत, जिला बेंचमार्क अप्रेझल म्हणतात, लीड अप्रेझर धरून किमान चार जणांची टीम असते. टीममध्ये तुमच्याच कंपनीतले प्रशिक्षित लोकही असू शकतात. जुन्या पद्धतीत कंपनी आपले गोंडस प्रोजेक्ट पुढे करायची. २.० पासून कुठल्या प्रोजेक्टमध्ये काय बघायचं याचा नमुना यादृच्छिक पद्धतीने निघतो, आणि हा मला त्या आवृत्तीतला सगळ्यात चांगला बदल वाटतो. टीम दोन गोष्टी ताडून बघते: कागद किंवा टूलमधल्या (कामाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) नोंदी, आणि माणसांचं बोलणं. नुसता कागद पुरत नाही, नुसतं बोलणंही पुरत नाही.

मुलाखत बहुधा गटाने होते. डेव्हलपर एका गटात, टेस्टर दुसऱ्या, प्रोजेक्ट मॅनेजर तिसऱ्या, म्हणजे साहेब समोर बसलेले नसतात. कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, असा नियमच आहे. प्रश्न साधे असतात: "ग्राहकाने फोनवर बदल सांगितला तर तुम्ही काय करता?" इथे पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं. सहा जण एकाच वाक्यात "आम्ही चेंज रिक्वेस्ट फॉर्म भरून इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस करतो" म्हणाले की अप्रेझर पुढचा प्रश्न टाकतो, "शेवटचा फॉर्म कधी भरला?" मग सहा जण छताकडे बघतात. त्यापेक्षा "फोन आला तर मी टिकेट टाकते, पण गेल्या आठवड्यात घाईत एकदा राहिलं" हे उत्तर कितीतरी भारी. माणसांकडून चुका होतात हे समोरच्यांनाही माहीत असतं.

जे माहीत नाही ते "माहीत नाही" म्हणा. आणि मुलाखत मराठी-हिंदीत बोलायची सोय आहे का ते आधी विचारून घ्या. टीममधल्या कुणाला ती भाषा येत असेल तर बरेचदा जमतं.

९. रिव्ह्यू झालेत, पण नोंदी नाहीत. मॅनेजर म्हणतो मागच्या तारखा टाकून बनव. सगळेच करतात म्हणे.

करू नका. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे पकडलं जातं, आणि कसं ते मी स्वतः अनुभवलंय.

२००५ च्या शेवटी आमच्या युनिटची तपासणी होती. एका प्रोजेक्टचे कोड रिव्ह्यू दर आठवड्याला व्हायचे, निदान व्हायचे असं सगळे म्हणायचे, पण नोंद एकाचीही नव्हती. एका रात्री एक्सेल उघडलं. पहिल्या ओळीत बुधवारची तारीख टाकली, खालची ओळ सात दिवसांनी पुढची, आणि माऊसने कोपरा धरून खाली ओढलं. सहा महिन्यांचे बुधवार तयार. हजर सात जण, वेळ सकाळी अकरा ते बारा, शेरा "किरकोळ दोष, दुरुस्त केले". ती शीट ज्या मुलाने भरली त्याच्या शेजारी खुर्ची ओढून मीच बसलो होतो.

तपासणीच्या टीममध्ये दादरचे एक गृहस्थ होते. त्यांनी शीट वरून खाली वाचली, एका ओळीवर पेन टेकवलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "सत्तावीस जुलैला सगळे सात जण पोचलात का हो ऑफिसला?"

आदल्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सत्तावीसला लोकल बंद, सरकारी सुट्टी, आणि आमच्यातले निम्मे त्या सकाळी कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालले होते. खोलीत एक जण हसला. नंतर कुणीच हसलं नाही. गृहस्थांनी त्या प्रोजेक्टच्या सगळ्या नोंदी मागवल्या, त्यावरचा आमचा शब्द कुणी धरेना, आणि तपासणी पुढे ढकलावी लागली.

नोंदी नसतील तर आजपासून ठेवा आणि अप्रेझल तीन महिने लांबवा. तेवढ्यात खरा पुरावा जमतो. टूलमध्ये काम करत असाल तर वेगळा कागद लागतही नाही. कोडच्या बदलावर दुसऱ्याने टाकलेली टिप्पणी हा रिव्ह्यूचा पुरावाच आहे, तारीख-वेळेसकट.

१०. आम्ही ठाण्यात चौदा जण आहोत. आम्हाला हे सगळं झेपणार कसं?

झेपवू नका. लहानांसाठी आयएसओ २९११० आहे. २५ पर्यंत माणसं असलेल्या संस्था, विभाग किंवा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलंय. त्यातल्या बेसिक प्रोफाइलमध्ये दोनच प्रोसेस आहेत: प्रोजेक्ट चालवणं आणि सॉफ्टवेअर बनवणं. त्याहून लहान, सहा मनुष्य-महिन्यांपर्यंतच्या (एका माणसाला सहा महिने पुरेल एवढ्या) कामांसाठी एंट्री प्रोफाइल आहे.

प्रमाणपत्र नाही घेतलं तरी चालेल. त्यातली कामांची यादी घ्या आणि आपल्याकडे कुठलं काम कुणीच करत नाही ते बघा. चौदा जणांच्या कंपनीत बहुतेक वेळा तीन गोष्टी गायब असतात: ग्राहकाने काय कबूल केलं त्याची लेखी पावती, जुनं व्हर्जन परत आणायची सोय, आणि "झालं" म्हणजे नक्की काय याची व्याख्या. या तीन आल्या की ग्राहकाशी होणारी निम्मी भांडणं मिटतात.

११. सरकारी टेंडरमध्ये लेव्हल ३ मागितली आहे. तीन महिन्यांत करून देणारा कन्सल्टंट भेटलाय. घेऊ का?

टेंडरात लेव्हल ३ किंवा ५ ची अट आता सर्रास असते, आणि तिच्यामुळे चांगल्या लहान कंपन्या बाहेर राहतात ही तक्रार मला रास्त वाटते. पण अट आहे ती आहे.

कन्सल्टंटला तीन प्रश्न विचारा. लीड अप्रेझर कोण आणि तो तुमच्याच कंपनीतला आहे का? तुम्ही आमच्या लोकांबरोबर बसून पद्धत बसवणार की टेम्पलेटचं फोल्डर देऊन जाणार? आणि आमचे नमुन्यात आलेले प्रोजेक्ट कच्चे निघाले तर? तिसऱ्या प्रश्नाला "त्याची काळजी करू नका" असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. फोल्डर मिळालं की पहिल्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलंय का तेही शोधा. मला दोनदा सापडलंय.

खर्च मोजताना अप्रेझरची फी हा एकच भाग धरू नका. तुमच्या लोकांचे तास बहुधा त्याहून जास्त होतात.

१२. आम्ही अजाइल, म्हणजे थोडं थोडं काम करून देत जाणारे. स्प्रिंट (दोनेक आठवड्यांचे टप्पे), स्टँडअप (रोजची छोटी बैठक), सगळं आहे. मग प्रोसेस मॉडेल कशाला?

२००१ च्या फेब्रुवारीत सतरा जणांनी युटात बसून अजाइलचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा जाड फायलींचा वैताग हे एक कारण होतंच. पण सीएमएमआय "काय" विचारतं, "कसं" ते तुमच्यावर सोडतं. गरजा सांभाळता का? बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, दाखवा. काम कुठवर आलं ते बघता का? स्प्रिंट बोर्ड दाखवा. चुकांतून शिकता का? रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (टप्पा संपल्यावरच्या आढावा बैठकीत) ठरलेल्या गोष्टी पुढच्या स्प्रिंटमध्ये झाल्या का ते दाखवा. इथे मात्र बहुतेक टीम अडकतात, कारण रेट्रोमध्ये चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या संध्याकाळी हाउसकीपिंगवाले नेतात.

१३. डोराचे चार आकडे फार ऐकतो. आमची बँक महिन्यातून एकदाच रिलीज करू देते. मग आम्ही कायमचे नापास का?

आधी ओळख. डोरा हा निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या अभ्यासातून आलेला, टीम सॉफ्टवेअर किती वेगाने आणि किती भरवशाने पोचवते ते मोजायचा प्रकार. २०१८ मध्ये तो गूगलकडे गेला. आकडे असे: किती वेळा रिलीज होतं, कोड लिहिल्यापासून चालू होईपर्यंत किती वेळ जातो, किती रिलीजमुळे बिघाड होतो, आणि बिघाड झाल्यावर किती वेळात सावरता. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की वेग आणि स्थिरता एकमेकींचे शत्रू नाहीत. चांगल्या टीमकडे दोन्ही असतात.

तुमच्या बाबतीत वेळेचे दोन तुकडे करा. कोड लिहिल्यापासून "रिलीजला तयार" होईपर्यंतचा वेळ तुमचा. तिथून बँकेच्या खिडकीपर्यंतचा, म्हणजे रिलीजला परवानगी असलेल्या दिवसापर्यंतचा, वेळ बँकेचा. मार्चअखेरच्या फ्रीझमध्ये (बदल बंद असतात तेव्हा) पहिला तुकडा बघा, दुसरा वेगळा ठेवा. हे दोन आकडे सहा महिने शेजारी मांडले की बँकेशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असतं. बिघाडाचं प्रमाण आणि सावरण्याचा वेळ यांवर खिडकीचा परिणाम नाही, ते जसेच्या तसे मोजा. बँका आणि मोठ्या एनबीएफसींसाठी (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांसाठी) रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत आणि त्यांत बदलांवरच्या नियंत्रणाची अपेक्षा आहे, त्यामुळे या नोंदी ग्राहकालाही हव्या असतात.

"रिलीज करणं म्हणजे फायली कॉपी करणं, त्यात कसली प्रोसेस" म्हणणाऱ्यांना मी नाइट कॅपिटलची गोष्ट सांगतो. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर दलाली करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातवर पडला. आठव्यावर बऱ्याच वर्षांपूर्वी वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. टाकलेला कोड दुसऱ्या माणसाने बघावा असा लेखी नियम नव्हता. बाजार उघडायच्या आधी सिस्टिमने एका त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल आतल्या लोकांना पाठवले होते. ते कुणी इशारा म्हणून वाचले नाहीत. बीकेसीतल्या कुठल्याही ब्रोकरच्या आयटीवाल्याला ही गोष्ट सांगून बघा, तो लगेच आपले सर्व्हर मोजायला लागतो.

१४. लेव्हल ४ साठी कंट्रोल चार्ट (मोजलेले आकडे आणि त्यांच्या नेहमीच्या चढउताराची वरची-खालची रेषा दाखवणारा आलेख) काढलाय, पण सगळेच बिंदू रेषांच्या आत आहेत. म्हणजे आम्ही स्थिर ना?

बहुधा तुम्ही आंबे आणि फणस एका टोपलीत मोजताय. दोन ओळींची दुरुस्ती आणि दोन महिन्यांचं मॉड्यूल एकाच चार्टवर टाकलं की वरची-खालची रेषा इतकी लांब जाते की काहीही आत बसतं. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२० च्या दशकात हा चार्ट टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढला, जिथे एकसारखे भाग हजारोंनी निघायचे. सॉफ्टवेअरमध्ये आधी कामाचे प्रकार वेगळे करा, प्रत्येकाचा चार्ट वेगळा. एखाद्या प्रकाराचे जेमतेम आठ-दहा बिंदू असतील तर रेषा काढायची घाई करू नका.

१५. मॅनेजमेंटने डेव्हलपरनुसार डिफेक्टची (सापडलेल्या चुकांची) यादी भिंतीवर लावली. आता डिफेक्ट कमी झालेत. सुधारणा झाली ना?

नोंदी कमी झाल्या. टेस्टर आणि डेव्हलपर आता चहाच्या टपरीवर डिफेक्ट सांगतात आणि टूलमध्ये टाकत नाहीत, हे तुम्हाला ग्राहकाकडून कळेल. मोजमाप माणसाच्या गळ्यात बांधलं की माणूस मोजमाप वाकवतो. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये हेच चलनविषयक धोरणाबद्दल मांडलं होतं. सॉफ्टवेअरचे अभ्यासक व्हिक्टर बासिली यांची मोजमापाची रीत साधी आहे: आधी हेतू, त्यातून प्रश्न, मग आकडा. "ग्राहकाला होणारा त्रास कमी करायचा" हा हेतू असेल तर "कुणाच्या चुका जास्त" हा प्रश्न येतच नाही. "चुका कुठल्या टप्प्यावरून निसटतात" हा येतो. भिंतीवरची यादी आजच उतरवा.

१६. डबेवाल्यांना सिक्स सिग्मा मिळालं, मग आपल्याला का नाही?

दर महिन्याला कुणीतरी हे विचारतंच. सिक्स सिग्मा ही मोटोरोलात १९८६ च्या सुमारास सुरू झालेली पद्धत, दहा लाख संधींत ३.४ चुका हे तिचं माप. ती लेव्हलसारखी कुणी संस्थेला बहाल करत नाही. डबेवाल्यांची गोष्ट एका अमेरिकन मासिकातल्या १९९८ च्या लेखानंतर तोंडोतोंडी वाढत गेली. त्यांचं काम अफाट आहे, त्याला या बिरुदाची गरज नाही. आणि डबा रोज तोच असतो, पत्ता तोच असतो. आपल्याकडे ग्राहक बुधवारी पत्ता बदलतो.

१७. आमचे तीस जण ग्राहकाच्या ऑफिसात बसतात, त्यांच्याच टूलमध्ये, त्यांच्याच पद्धतीने काम करतात. हा प्रोजेक्ट आमच्या अप्रेझलमध्ये येतो का?

काम कुणाच्या जबाबदारीवर आहे यावर आहे. नुसती माणसं पुरवली असतील आणि रोजचं काम ग्राहकाचा मॅनेजर वाटत असेल, तर तिथे तुमची प्रोसेस चालतच नाही. ते युनिटच्या व्याप्तीत घ्यायचं का हे लीड अप्रेझरशी अगदी सुरुवातीला बोलून लेखी ठरवा. काम तुमच्या जबाबदारीवर असेल आणि फक्त टूल ग्राहकाचं असेल, तर ते येतं. मग "आमच्या रीतीऐवजी इथे ग्राहकाची रीत का आणि कुठवर" याची एक पानी नोंद ठेवा. पुरावा ग्राहकाच्या सिस्टिममध्ये आहे आणि तो दाखवायला परवानगी लागणार, हे आठवडाभर आधी लक्षात येऊन उपयोग नाही. बँकेकडून अशी परवानगी यायला दोन महिने लागलेले आहेत.

१८. युनिट फुटलं. अर्धे मालाडला, अर्धे ऐरोलीला, नव्या कंपनीच्या नावाखाली. लेव्हल कुणाची?

तपासणीच्या अहवालात ज्या युनिटचं वर्णन आहे त्याची (प्रश्न ७). नव्या कंपनीला ती आपोआप लागू होत नाही, माणसं तीच असली तरी. नुसता पत्ता बदलला आणि तेच युनिट तसंच हललं, तर अप्रेझरला कळवून विचारा. टेंडर भरायच्या आदल्या रात्री विचारू नका.

१९. अप्रेझलच्या आठवड्यात मुंबई तुंबली तर?

२०२० नंतर तपासणी ऑनलाइन करायची वाट मोकळी झाली आहे, त्यामुळे मुलाखती घरूनही होऊ शकतात. ती सोय आधी आराखड्यात लिहून घ्या, प्रत्येकाकडे टूलचा बाहेरून अ‍ॅक्सेस आहे का ते आदल्या आठवड्यात तपासा, आणि डोंबिवली-कल्याणकडच्या लोकांच्या मुलाखती दुपारी ठेवा. मी मात्र जून ते ऑगस्ट तारीखच देत नाही. विचारणाऱ्यांना पावसाचं कारण सांगतो.